भुताच्या नावावरचं घर

गणपतीच्या आधी चार दिवस आमचं गावचं घर उघडतं. एरवी वर्षभर बंद. कुलपात खोबरेलाचे दोन थेंब सोडायचे, किल्ली अर्धी फिरवून थांबायचं, मग दाराला खांदा लावायचा. आतून पहिला वास येतो तो ओल्या मातीचा, मग वटवाघळांचा, मग रिकाम्या कणगीचा. भिंतीवर वाळवीने मातीची वेल चढवलेली असते. कोणीतरी चाचपडत मेन स्विचपर्यंत जातं, खट्‌ होतं, माजघरातला पंखा करकरतो आणि घर पुन्हा घर होतं. पण दार उघडलंय आणि दिवा लागायचाय, तेवढं अर्धं मिनिट आम्ही सगळे उंबऱ्याबाहेरच उभे असतो. मुंबईत बँकेत हिशेब तपासणारा माझा चुलतभाऊसुद्धा.

गॉथिक कादंबरी म्हणजे काय असं कोणी विचारलं की मी हे अर्धं मिनिट सांगतो. ते चारशे पानं ताणलं की झाली गॉथिक कादंबरी.

आता जरा नीट सांगतो, कारण या शब्दाचा घोळ मोठा आहे. गॉथ ही युरोपातली जर्मन वंशाची टोळी. इसवी सन ४१० मध्ये यांच्यातल्याच एका शाखेने रोम लुटलं. पुढे हजारेक वर्षांनी इटलीतल्या प्रबोधनकाळातल्या मंडळींना मधल्या काळातल्या टोकदार कमानींच्या इमारती आवडेनात, म्हणून त्यांनी त्या शैलीला ‘गॉथिक’ म्हणून हिणवलं. म्हणजे रानटी, अडाणी. गॉथांनी त्यातली एक वीटही रचली नव्हती. शिवी चिकटली ती चिकटलीच, आणि पुढे तिचं कौतुकात रूपांतर झालं. कोकणात जाणारी गाडी पकडायला सीएसएमटीला आलेला चाकरमानी ज्या इमारतीत बॅगा सांभाळत उभा असतो, ती १८८८ मध्ये पुरी झालेली इमारत याच शैलीच्या व्हिक्टोरियन पुनरुज्जीवनातली. गर्दीतून मान वर काढायला मिळाली तर बघा: टोकदार कमानी, कोरलेले प्राणी, पोटातला अंधार.

इमारतीचा शब्द पुस्तकाला लागला तो एका हौशी माणसामुळे. होरेस वॉलपोल हा इंग्लंडच्या माजी पंतप्रधानाचा मुलगा. त्याने थेम्सकाठी ट्विकनमला आपल्या घराला कमानी, बुरूज, रंगीत काचा लावून नवंकोरं जुनं घर तयार केलं. त्या घरात त्याला एक स्वप्न पडलं. जिन्याच्या कठड्यावर चिलखत घातलेला एक प्रचंड हात. त्यावरून त्याने ‘द कॅसल ऑफ ऑट्रँटो’ लिहिली. ती बाजारात आली २४ डिसेंबर १७६४ रोजी, म्हणजे ऐन नाताळच्या आदल्या दिवशी. या तारखेकडे परत येऊ. पहिल्या आवृत्तीवर त्याने स्वतःचं नाव घातलं नाही; हे म्हणे जुन्या इटालियन ग्रंथाचं भाषांतर. पुस्तक चाललं तेव्हा दुसऱ्या आवृत्तीत कबुली दिली आणि उपशीर्षक जोडलं: ‘एक गॉथिक कथा’.

गोष्ट अशी. मॅनफ्रेड नावाच्या राजाच्या मुलाचं लग्न आहे. मांडव तयार, पाहुणे जमलेले, आणि अंगणात आभाळातून एक अगडबंब शिरस्त्राण पडतं. नवरामुलगा त्याखाली चिरडून मरतो. आजच्या वाचकाला इथे हसू येतं, मलाही आलं. पण पुढे वाचत गेलो तसा मी सावरून बसलो. भाकीत असतं की या किल्ल्याचा खरा मालक जेव्हा त्यात मावेनासा होईल, तेव्हा तो सध्याच्या घराण्याच्या हातून जाईल. हळूहळू कळतं की मॅनफ्रेडचा आजा मूळ मालकाकडे नोकर होता, त्याने धन्याला विष घातलं आणि खोटं मृत्युपत्र करून किल्ला लाटला. भूत येतं ते आपलं घर परत मागायला.

अरे, ही तर सातबाऱ्याची भानगड!

हे एकदा ध्यानात आलं आणि गॉथिक साहित्य मला एकदम ओळखीचं वाटू लागलं. शाळा-कॉलेजात आपल्याला सांगतात की त्यात पडके किल्ले, वादळं, भुतं आणि बेशुद्ध पडणाऱ्या नायिका असतात. असतात, पण ते सगळं नेपथ्य. मुख्य भानगड वारसाहक्काची. हे घर कोणाचं, कोणी कसं बळकावलं, कोणाला बाहेर काढलं, आणि ज्याला काढलं तो गप्प का बसत नाही. एमिली ब्राँटेची ‘वुदरिंग हाइट्स’ (१८४७) घ्या. लोक ती प्रेमकथा म्हणून वाचतात, वाचोत बापडे. मला त्यात दिसतो हीथक्लिफ: पोरका म्हणून घरात आणलेला, पुढे नोकरासारखा वागवलेला. तो परत येतो आणि दारू-जुगारात बुडालेल्या मालकाची जमीन गहाणात घेत घेत घरच गिळतो. मग सोयरीक जुळवून शेजारचंही घर घेतो. दोन घरं, दोन्ही त्याच्या हातात. ‘ड्रॅक्युला’ची (१८९७) सुरुवात तर चक्क जमीनखरेदीने होते. जोनाथन हार्कर हा तरुण वकिलीच्या कामाने ट्रान्सिल्व्हेनियात जातो तो काउंट ड्रॅक्युला या रक्तपिपासू पिशाच्चाला इंग्लंडमध्ये एक जुनी मालमत्ता घेऊन द्यायला. व्यवहार होतो, आणि काउंट सोबत नेतो काय, तर आपल्या मुलखातल्या मातीने भरलेल्या पन्नास पेट्या. त्या मातीशिवाय त्याला दिवसा झोप नाही. गावची माती सुटत नाही हे आपण गणपतीच्या गाडीत बसून कौतुकाने म्हणतो. तिथे तेच वाक्य अंगावर येतं.

कोकणात वाढलेल्याला हे शिकवावं लागत नाही. सामाईक घर, एका सर्व्हे नंबरावर पस्तीस नावं, त्यातली निम्मी मेलेल्या माणसांची, एका खोलीला कुलूप आणि किल्ली ज्याच्याकडे तो बोलत नाही. दरवर्षी एका काकाच्या नावाने पान मांडलं जातं आणि त्याच्याविषयी विचारलं की सगळ्यांना एकदम कामं आठवतात. भूत नसलं तरी गॉथिकची सगळी सामग्री तयार आहे.

मग भूतकथा, अद्भुतकथा आणि गॉथिक यांत फरक काय? मराठीत आपण भयकथा, गूढकथा, अद्भुतरम्य असे शब्द वापरतो आणि ते एकमेकांत सांडतात. मी संकासुरावरून समजावतो. शिमग्यात मांडावर, म्हणजे गावच्या खेळाच्या जागी, असुराचं सोंग घेतलेला संकासुर येतो: काळा वेश, कमरेला घुंगरं. पोरं त्याला चिडवतात, तो पाठलाग करतो, सगळे हसतात. तो कोण हे सगळ्यांना ठाऊक आहे. मांडावर असुर असणं, देवाची पालखी नाचणं, हाच तिथला नियम. अद्भुतकथा अशी असते. तिचं जग वेगळं, त्यात ड्रॅगन असतात आणि कोणालाही त्याचं नवल वाटत नाही; आपण पहिल्या पानावर तो करार करून आत जातो. आता पहाटे चार वाजता तुम्ही पाणंदीने एकटे घरी चाललात. खेळ केव्हाच संपलाय. आणि मागून घुंगरं वाजली. वेश तोच, आवाज तोच. पण आता तुम्ही तुमच्या रोजच्या जगात आहात आणि तिथे हा बसत नाही. गॉथिक इथून सुरू होतं.

बल्गेरियात जन्मलेला फ्रेंच अभ्यासक त्झ्वेतान तोदोरोव्ह याने १९७० मध्ये याची छान फोड केली. समजा, पहिल्या पावसाची रात्र आहे आणि मळ्यापलीकडे एक उजेड बांधाबांधाने सरकतोय. चढणीचे मासे धरायला बत्ती घेऊन निघालेला कोणी असेल, तर गोष्टीचा उलगडा आपल्या जगाच्या नियमांनी झाला. हद्दीची राखण करत फिरणारा देवचार असेल, तर जगाला नवा नियम जोडावा लागला. पण बत्ती की देवचार हे कळत नाही आणि तुम्ही गडग्याआड श्वास धरून उभे आहात, तेवढा वेळ जे चालतं तो खरा फँटास्टिक प्रकार, असं तो म्हणतो. पुष्कळ गोष्टी शेवटी या किंवा त्या बाजूला पडतात. हेन्री जेम्सची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ (१८९८) पडतच नाही. मुलांना सांभाळणाऱ्या बाईला भुतं दिसतात की तिचं डोकं फिरलंय, यावर सव्वाशे वर्षं वाद चालू आहे.

मराठीत हा तोल सांभाळणारा लेखक म्हणून मला पहिलं नाव आठवतं ते चिं. त्र्यं. खानोलकरांचं, आणि तो माणूस आमच्याच कुडाळ-वेंगुर्ल्याच्या मातीतला. त्यांची ‘कोंडुरा’ (१९६६) वाचताना तळकोकणातली दुपार किती भीतीदायक असू शकते हे कळतं. रात्र लागतच नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्याविषयी वेगळं सांगायला नको. ज्यांच्या घरी ते वाचले गेले त्या घरातली मुलं रात्री न्हाणीघरात एकटी गेली नाहीत.

भीतीचेही दोन प्रकार आहेत, आणि हा फरक एका बाईने सांगून ठेवलाय. अ‍ॅन रॅडक्लिफ ही अठराव्या शतकाच्या शेवटची सर्वांत लोकप्रिय गॉथिक लेखिका. तिच्या मृत्यूनंतर १८२६ मध्ये छापलेल्या लेखात ती म्हणते की एक असतो टेरर आणि दुसरा हॉरर. पहिल्याने मन ताणलं जातं, जागं होतं. दुसऱ्याने ते आखडतं, गोठतं. आपल्या भाषेत धास्ती आणि शिसारी म्हणा. विहिरीवरचा रहाट रात्री आपोआप एक आळोखा देतो ती धास्ती. विहिरीत काय पडलंय ते वर येतं ती शिसारी. रॅडक्लिफबाईंचा सगळा व्यापार धास्तीचा. ‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’मध्ये (१७९४) नायिका एका चौकटीवरचा काळा पडदा उचलते, आत बघते आणि बेशुद्ध पडते. तिने काय पाहिलं? बाई सांगत नाही. शेकडो पानं सांगत नाही. अगदी शेवटाला कळतं की तो मेणाचा पुतळा होता. तेव्हा वाचकाला पुस्तक भिंतीवर आपटावंसं वाटतं, पण तोवर त्याने ते वाचून संपवलेलं असतं.

या युक्तीची जेन ऑस्टिनने ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’मध्ये मस्त टर उडवली. तिची नायिका कॅथरीन अशाच कादंबऱ्या वाचून भारलेली. एका जुन्या घरात पाहुणी म्हणून जाते, वादळी रात्री खोलीतल्या कपाटात कागदांची गुंडाळी सापडते, मेणबत्ती विझते, रात्रभर झोप नाही. सकाळी बघते तर धुण्याची बिलं. हे वाचून मी मोठ्याने हसलो, कारण माझंही असंच झालं होतं. आठवीत असताना गणपतीच्या सुट्टीत माळ्यावरचा पेटारा उघडला. आत तांबड्या फडक्यात बांधलेलं बाड. फडक्याला तीन गाठी होत्या, तिन्ही दातांनी सोडवाव्या लागल्या. मला खात्री होती की आजोबांविषयी घरात जे बोलत नाहीत ते यात असणार. खालून थोरली काकी ओरडली, ‘‘माळ्यार काय सोदतस रे? थंय उंदरांशिवाय काय नाय!’’ फडकं सुटलं. निघाल्या शेतसाऱ्याच्या पावत्या. कसरीने जाळी केलेल्या, पण तारखेप्रमाणे लावलेल्या. त्यातल्या काही पावत्या भलत्याच नावावर होत्या हे कळायला मला पुढे वीस वर्षं लागली. म्हणजे रहस्य होतं. फक्त ते वाचायला तलाठी लागतो.

आता ती डिसेंबरची तारीख. सणावारी, घर माणसांनी भरलेलं असताना, लोकांना भुताची गोष्ट का हवी असते? एक कारण अगदी साधं, अंधार. डिसेंबरच्या अखेरीला लंडनमध्ये दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. आमच्याकडे वर्षातला लहानात लहान दिवसही अकरा तासांच्या आसपास भरतो. तिकडे दुपारी चारला काळोख, बाहेर थंडी, घरात एकच शेकोटी आणि तिच्याभोवती तीन पिढ्या. काय करणार? आमची तशी वेळ डिसेंबरात येत नाही, आषाढात येते. वीज गेलेली, बाहेर समुद्राचा नि पावसाचा आवाज वेगळा करता येत नाही आणि कोणीतरी चुलीजवळ बसून गिऱ्याची, म्हणजे पाण्यातल्या भुताची, गोष्ट काढतं. माणूस कोंडला गेला की गोष्टी सुचतात. १८१५ मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेने पुढच्या वर्षी युरोपातला उन्हाळा गारठला. जिनिव्हाच्या सरोवराकाठी सुट्टीला आलेली कवी मंडळी पावसामुळे बंगल्यात अडकली, भुताच्या गोष्टी वाचू लागली आणि मग प्रत्येकाने एक लिहायची असं ठरलं. त्यांतली अठरा वर्षांची मेरी पुढे मेरी शेली झाली, आणि तिची गोष्ट १८१८ मध्ये ‘फ्रँकेनस्टाइन’ म्हणून छापली गेली.

दुसरं कारण मला जास्त पटतं. सण हा हजेरी घेण्याचा दिवस असतो. सगळे येतात, म्हणून जो येत नाही तो दिसतो. चार्ल्स डिकन्स या इंग्रज कादंबरीकाराला हे नेमकं कळलं होतं. ‘अ ख्रिसमस कॅरल’ १९ डिसेंबर १८४३ रोजी आली आणि पहिल्या सहा हजार प्रती नाताळाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत संपल्या. त्यातला स्क्रूज हा कवडीचुंबक एकटाच घरी येतो आणि त्याच्या मेलेल्या भागीदाराचं, मार्लीचं, भूत जिना चढून वर येतं. त्याच्या अंगाभोवती साखळी आहे. नीट बघा, साखळीत काय ओवलंय: गल्ल्याच्या पेट्या, किल्ल्या, कुलपं, खातेवह्या, खरेदीखतं. पुन्हा कागदपत्रंच! आमच्याकडे पितर एवढा गाजावाजा करत नाहीत. गणपती गेले की लगेच म्हाळ लागतात, पान वाढायचं, कावळ्याची वाट बघायची. पण रीत तीच. आनंदाच्या लगोलग मेलेल्यांचा हिशेब.

डिकन्स पुढे आपल्या साप्ताहिकाचे नाताळ विशेषांक काढायचा आणि त्यात भुताची गोष्ट ठरलेली. १८६६ च्या अंकातली ‘द सिग्नलमन’ ही माझ्या मते त्याची सर्वांत टोकदार गोष्ट. खोल कापलेल्या डोंगरात, बोगद्याच्या तोंडाशी एकटा राहणारा सिग्नलवाला. बोगद्याशी लाल दिव्याखाली एक आकृती हात हलवते, आणि ती दिसली की काही वेळाने अपघात होतो. आदल्याच वर्षी डिकन्स स्वतः स्टेपलहर्स्टच्या रेल्वे अपघातातून वाचला होता. मी ही गोष्ट ऑगस्टमध्ये कोकण रेल्वेत बसून वाचली. पावसाळी वेळापत्रक, गाडी रेंगाळत चाललेली, खिडकीबाहेर रेनकोट घातलेला गस्तवाला हातात कंदील धरून बाजूला उभा. आणि गाडी रत्नागिरीजवळच्या करबुड्याच्या बोगद्यात शिरली. साडेसहा किलोमीटर. मी पुस्तक मिटून समोरच्या बाईंच्या डब्यातली घावणं बघत बसलो.

मराठीतला दिवाळी अंकही याच घराण्यातला. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हा इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ अंकांचा नमुना डोळ्यांपुढे होता असं सांगितलं जातं. पुढे ‘नवल’सारख्या अंकांनी गूढ आणि भय यांची सोय केली. चकली, उटणं, आणि कंदिलाच्या उजेडात एक भयकथा. या जोडीचं आपल्याला कधी नवल वाटलं नाही.

सुरुवात कशाने करावी, असं विचाराल तर ‘उडोल्फो’ने मुळीच नको. माणूस थकतो. आधी ‘सिग्नलमन’, एका बैठकीत होते. मग ‘कॅरल’. मग शेरिडन ले फानूची ‘कार्मिला’ (१८७२), जी ‘ड्रॅक्युला’च्या पंचवीस वर्षं आधीची असून मला त्याहून जास्त आवडते, कारण तिच्यातली पिशाच्चीण घरात पाहुणी म्हणून येते आणि पाहुण्याला जा म्हणता येत नाही. हे सगळं प्रताधिकारमुक्त आहे, प्रोजेक्ट गटेनबर्गवर फुकट मिळतं. इंग्रजी जुनं आहे. वाक्यं लांबलचक येतात. अडलं तर पुढे जावं. हवामानाचं वर्णन मात्र गाळू नये. या पुस्तकांत वादळ येतं ते कोणाच्या तरी मनातलं सांगायला.

‘ड्रॅक्युला’ वाचायची माझी एक खोड सांगतो. ती सगळी कादंबरी डायऱ्या, पत्रं, तारा, बातम्यांची कात्रणं अशा कागदांची आहे. प्रत्येकाला थोडं थोडं ठाऊक, सगळं कोणालाच नाही, आणि वाचक मात्र ओरडत असतो की अगं, खिडकी लाव! भावकीचा व्हॉट्सॲप ग्रुप वाचल्यासारखं. पहिली नोंद ३ मेची, शेवटची नोंद ६ नोव्हेंबरची. एका वर्षी मी ती तारखेप्रमाणे वाचली. ज्या दिवशीची नोंद त्या दिवशी, पुढे डोकवायचं नाही. हार्कर किल्ल्यात शिरला तेव्हा आमच्या पडवीत आंब्याच्या आढ्या लावलेल्या होत्या. काउंट जहाजातून इंग्लंडच्या किनाऱ्याला लागला तेव्हा आमच्या होड्या शाकारून ठेवलेल्या होत्या. मधे काही दिवस नोंदच नसते, तेव्हा हा माणूस आता कुठे असेल असं भात लावताना मनात येई. शेवट दिवाळीच्या तोंडावर आला.

गेल्या गणपतीत मी ‘ऑट्रँटो’ पुन्हा वाचायला घेतली होती. आरती झाली, बायका आवराआवर करत होत्या, मी ओटीवर पुस्तक घेऊन पडलो. बँकवाला चुलतभाऊ सुपारी कातरत बाजूला येऊन बसला.

‘‘कसला रे पुस्तक?’’

‘‘सामाईक घराची गोष्ट आसा.’’

त्याचा अडकित्ता थांबला. ‘‘मगे? शेवटाक घर कोणाच्या नावार झाला?’’

‘‘खऱ्या वारसाच्या. पण तेच्या आधीच घर पडला.’’

तो काही बोलला नाही. सुपारी तशीच ताटलीत ठेवली, मोबाइलची बॅटरी लावली आणि मागच्या पडवीत जाऊन एकेका वाशाला हात लावून बघू लागला.